पाटलांनी चैत्रात पिसं टाकली

“म्हणजे मी आता जायला मोकळा ना, बाबा?”

लहानूबाबा सुपात बाजरी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “कुठं जायला?”

“सावरगावला. गादीवर.”

“आन् हे कवेत काय आनलंस?”

“पिसं.”

बाबांनी सूप खाली ठेवलं. समोर त्यांचा शिष्य विश्वंभर उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत मावेना एवढा मोरपिसांचा भारा होता आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्याचा आनंद होता.

“कुनाची?”

“पाटलांची. चार दिवस एकेक टाकत होते. आज सकाळी उरलेली सगळी टाकली.”

बाबा झटकन उठले. पिसांकडे त्यांनी धड बघितलंसुद्धा नाही.

“आन् पाटील कुठं हायेत?”

“असतील इथंच कुठंतरी...”

“असतील म्हंजी?” म्हणत बाबा अनवाणीच गोठ्याकडे निघाले. विश्वंभर भारा घेऊन अंगणात उभा राहिला.

पाटील म्हणजे मठातला मोर.

मोरदऱ्याचा मठ तसा मोठा नव्हता. टेकडीच्या पोटाशी चार खोल्या, एक लाकडी आढ्याचा मंडप, एक गोठा. एकदा करवंदीच्या जाळीत एक अंडं मागं राहिलं होतं. बाबांनी ते उचलून आणलं आणि मठातल्या कोंबडीखाली ठेवलं. कोंबडीनं ते मुकाट्यानं उबवलं. त्यातून जे बाहेर आलं ते बघून तिला काय वाटलं असेल ते तिलाच ठाऊक. पण तिनं ते सांभाळलं. मोठं झाल्यावर ते मंडपात असं चालायला लागलं की बघणारा आपोआप बाजूला होई. म्हणून नाव पडलं पाटील. गावच्या खऱ्या पाटलाला हे नाव आधी झोंबलं. मग एकदा तो स्वतः मठात आला, मोराची चाल बघितली, आणि काही न बोलता परत गेला.

आता मठाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर विश्वंभरचा आनंद कळायचा नाही.

ह्या मठात शिष्य तयार झाला की त्याला मोरकुंचा मिळे. कुंचा हातात आला की तो कुठल्याही गादीवर बसायला मोकळा. पण कुंच्याची पिसं विकत घ्यायची नाहीत, रानातून वेचायची नाहीत, उपटायची तर नाहीतच. मठातल्या मोरानं आपणहून टाकलेली आणि शिष्यानं स्वतः वाकून भुईवरून उचललेली, तेवढीच चालत.

मोर पिसं टाकतो भादव्यात. पाऊस ओसरतो, नाचून दमलेला असतो, मग एकेक पीस गळत जातं. म्हणून कुंचा दसऱ्याला बांधायचा.

गेल्या दसऱ्याला विश्वंभर असाच भारा घेऊन उभा राहिला होता. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि म्हणाले होते, “औंदा नको. पाटील पुढच्या खेपेला पिसं टाकतील, तवा बांध.”

आता चैत्र होता. आणि पाटलांनी पिसं टाकली होती.

विश्वंभर पैठणला शास्त्र शिकून आलेला. आवाज गोड, पाठांतर दांडगं, रूप देखणं. घाई सोडली तर त्याच्यात खोड काढायला जागा नव्हती. सावरगावच्या मठाची गादी रिकामी पडली होती आणि ती आपल्यासाठीच रिकामी पडली आहे, ह्याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. अंघोळ झाली की तो खोलीचं दार लोटून, पाटावर पंचा चौपदरी घालून, गादीवर बसल्यासारखा बसून बघायचा. डावा गुडघा वर घ्यावा की उजवा, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

पाटील गोठ्यात सापडले. गव्हाणीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसले होते. मागं पिसाऱ्याच्या जागी चार तपकिरी खुंट उरले होते. मठाच्या आवारातली लांडोर गोठ्याच्या दारातून आत बघून निघून गेली.

“पाटील,” बाबा त्यांच्यापुढं उकिडवे बसले, “काय झालं हो?”

पाटील बोलले नाहीत.

बाबांनी त्यांचे पंख उचलून बघितले, कुठं पिसवा आहेत का. नव्हत्या. चोच उघडून बघितली. कडुलिंबाची धुरी केली. भिजवलेले भुईमुगाचे दाणे तळहातावर धरले. पाटलांनी दोन खाल्ले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

“बाबा,” मागून विश्वंभर म्हणाला, “कुंच्याचं काय?”

“आरं, चैत्र हाय हा. पाटलांनी आता नाचायचं, का पिसं टाकायची?”

“रीत महिना सांगत नाही, बाबा. रीत म्हणते, मोरानं आपणहून टाकलेली. टाकली. शिष्यानं वाकून उचललेली. उचलली. आणि तुमचा शब्द होता, पुढच्या खेपेला. ही पुढची खेप.”

बाबा दाढी खाजवत राहिले.

“आजारी माणसाचं दान घेऊ नये म्हन्त्यात...”

“ते दान. हे दान नव्हे, हा त्याग आहे. दानात देणारा घेणाऱ्याकडं बघतो. पाटलांनी कुणाकडं बघितलं?”

“कुनाकडंच न्हाई,” बाबांनी कबूल केलं. “भिंतीकडं बघत्यात.”

“मग?”

बाबा मोठ्यानं हसले. वादात हरले की त्यांना फार आनंद व्हायचा.

“बांध,” ते म्हणाले. “कुंचा बांध तुझा.”

इतक्या लवकर होकार मिळेल असं विश्वंभरला वाटलं नव्हतं. त्याच्याजवळ आणखी तीन मुद्दे शिल्लक होते. ते तसेच राहून गेले, ह्याची त्याला थोडी चुटपूट लागली.

त्यानं सावरगावला निरोप धाडला. तिथले कारभारी तात्या पानसंबळ. त्यांचा उलट निरोप आला की आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो, महाराजांनी तयार असावं. गावात दोन तट पडलेत, आखिती चुकली तर दुसरा तट बाहेरून कुणाला तरी आणून बसवील, मग आमचा इलाज नाही.

विश्वंभर कुंचा बांधायला बसला. पिसं निवडली, देठं सारखी केली, तांबडा दोरा घेतला. बाबा जाता-येता थांबत. विश्वंभरला वाटे, आता काहीतरी सांगतील. गाठ कशी मारावी, मंत्र कुठला म्हणावा...

“पाटील जेवले का रं?” बाबा विचारत.

“जेवले असतील.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा, “पाटील बाहेर आले का?”

“बघितलं नाही, बाबा.”

तिसऱ्या दिवशी विश्वंभर चिडला. “बाबा, तुमचा एकुलता एक शिष्य मठ सोडून चाललाय. आणि तुम्ही मोराचं विचारता.”

“तुझं काय विचारायचं?” बाबा म्हणाले. “तू तर चांगला जेवतोस.”

आखितीच्या आदल्या दिवशी, ऊन कललं तशी सावरगावची गाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीवर नवी ताडपत्री. तात्या पानसंबळ उतरले ते हात जोडतच. तात्यांना हिवाळाभर मठाची ओढ लागली होती. त्याचं कारण विश्वंभरची पोथी.

झालं होतं असं. कार्तिकात एका भक्तानं मठाला गॅसबत्ती आणून दिली. लख्ख पांढरा उजेड, आणि फुर्रर्र आवाज. विश्वंभरनं त्याच दिवशी ठरवलं की आता मोठा ग्रंथ लावायचा. रोज जेवणं उरकली की बत्ती मंडपाच्या आढ्याला टांगायची आणि खाली बसून अर्थासकट वाचायचं. गावोगावचे लोक येऊ लागले. बत्तीला पंप मारून ती पेटली की आढ्यावर बसलेले पाटील मान वर काढत आणि मोठ्यानं केका देत. एकदा नव्हे, रोज.

“बघा,” लोक म्हणत, “मोरसुद्धा ऐकाय बसतो!”

विश्वंभर लाजून पान उलटायचा. पण पुढचा श्लोक जरा वरच्या सुरात लागायचा.

बाबा मात्र खांबाला टेकून घोरत असत. मोर हुंकार देतो आणि गुरू घोरतो, ह्याचं विश्वंभरला मनापासून दुःख होई. शिमग्याला ग्रंथाची समाप्ती झाली. नारळ फुटला, प्रसाद वाटला, बत्ती कोठीत गेली. पाटलांनीही मंडप सोडला. विश्वंभरला वाटलं, बरोबर आहे. ग्रंथ संपल्यावर श्रोता कशाला बसेल?

“महाराज,” तात्या त्याला म्हणाले, “गावानं मांडव घातलाय. सकाळी येळंवर निघू.”

“कुंचा तयार आहे,” विश्वंभरनं दाखवला. खरोखर सुंदर झाला होता. तात्यांनी लांबूनच नमस्कार केला.

“एक राह्यलं,” बाबा म्हणाले. “पयला कुंचा.”

हीही मठाची रीत. कुंचा बांधून झाला की तो पहिल्यांदा फिरवायचा मोराच्या पाठीवरून. ज्यानं पिसं दिली त्याला आधी, मग माणसांना.

“आत्ता फिरवून येतो,” म्हणत विश्वंभर उठला.

दिवेलागण झाली होती. गोठ्यात काही दिसेना. पणती घेऊन गेला तर वाऱ्यानं विझली. मग त्याला कोठीतली गॅसबत्ती आठवली. त्यानं ती काढली, धूळ पुसली, पंप मारला. शिमग्यापासून न पेटलेली बत्ती दोनदा फुसफुसली आणि लख्ख झाली.

बत्ती एका हातात, कुंचा दुसऱ्या हातात. विश्वंभर गोठ्यात शिरला.

पाटील पंखात चोच खुपसून झोपले होते.

उजेड अंगावर पडला तसे ते दचकून उठले. अंग झाडलं. चार खुंटांची शेपटी थरथरवली. विश्वंभरकडं त्यांनी बघितलंही नाही. ते बत्तीकडं बघत दोन पावलं पुढं आले, मान ताणली, आणि पहाटेला देतात तशी केका दिली.

“मेऽऽऑ... मेऽऽऑ...”

गोठ्याच्या छपरावरून लांडोर धडपडत खाली उतरली आणि दाणे टिपायला लागली.

विश्वंभर थबकला.

त्यानं बत्ती दाराबाहेर नेली. पाटील गोंधळले. इकडं तिकडं बघितलं, पाय दुमडले, चोच पंखात घातली.

त्यानं बत्ती आत आणली.

“मेऽऽऑ...”

तो तिथंच शेणामातीत मटकन बसला.

आजवर त्यानं पोथी वाचली होती आणि मोर ऐकत होता. आता त्याला दिसलं की मोर ऐकत नव्हता. मोराला वाटत होतं उजाडलं. रोज संध्याकाळी मावळायचं आणि जरा वेळानं पुन्हा उजाडायचं. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत सगळे दिवस पाटलांना वैशाखाएवढे लांब गेले. मग समाप्ती झाली, बत्ती कोठीत गेली, आणि दिवस एकदम आखडले. भादव्यात आखडतात तसे. पाटलांनी बिचाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. पाऊस न बघता, न नाचता, एक अख्खं वर्ष संपवून टाकलं.

“म्हणजे तू ऐकत नव्हतास,” विश्वंभर म्हणाला.

पाटलांनी त्याच्या धोतराला लागलेला बाजरीचा दाणा टिपला.

विश्वंभरला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. अख्ख्या हिवाळ्यात त्याला एकच श्रोता खरा वाटला होता, आणि तो झोपेची वाट बघत बसला होता.

कुंचा हातातच होता. पाटील इतके जवळ उभे होते की हात लांब केला की पाठ. एकदा फिरवायचा, बाहेर जायचं, सकाळी गाडीत बसायचं. हे कळलं कुणाला? बाबांना? ते तर घोरत असायचे. तात्यांना? त्यांना मांडवाची काळजी. पिसं मोरानंच टाकली होती, त्यानं वाकूनच उचलली होती. रीत एका अक्षरानं मोडली नव्हती.

त्यानं हात उचलला.

पाठीवर, जिथून पिसारा सुरू व्हायचा तिथं, कातडी उघडी पडली होती. गुलाबी, बारीक ठिपक्यांची. विश्वंभरनं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती बघितली.

त्याला फार लाज वाटली. त्यानं बत्तीची किल्ली फिरवली. फुर्रर्र बंद झालं. अंधारात पाटील पुन्हा बसल्याचा आवाज आला, आणि तो चाचपडत बाहेर पडला.

मंडपात पानं वाढली होती. तात्या आणि बाबा त्याच्यासाठी थांबले होते.

“फिरवला?” तात्यांनी विचारलं.

“नाही.”

“का हो महाराज? सापडला न्हाई मोर?”

“सापडला.” विश्वंभरनं कुंचा बाबांपुढं ठेवला. “ही पिसं त्यानं टाकलेली नाहीत, बाबा. मी टाकायला लावली.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. बत्ती, केका, वैशाख, भादवा. काही लपवलं नाही. डाव्या-उजव्या गुडघ्याचंही सांगून टाकलं. तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

तात्यांनी पुढ्यातलं पान बाजूला सरकवलं.

“आवो, पन टाकली तर त्यानंच ना?” ते काकुळतीला आले. “आमचं गाव काय मोराला इचारायला येनारे का? चला की गुमान. न्हाईतर उद्या त्या तटाचा कोन तरी यिऊन बसंल.”

“बसू दे, तात्या,” विश्वंभर म्हणाला. “मला ती गादी हवी होती. अजूनही हवी आहे. पण तिथं बसून रोज कुंचा हातात घेईन आणि रोज मला ती उघडी पाठ दिसेल.”

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या.

“बाबा,” विश्वंभरनं विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं?”

“मला?” बाबा म्हणाले. “मला रं काय म्हाईत? मी तर झोपलेलो असायचो.”

आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, तात्यांनी पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसले. शेवटी विश्वंभरही हसला. तात्या तेवढे गंभीर राहिले, कारण उत्तर गावाला त्यांनाच द्यायचं होतं.

बाबांनी कुंचा उचलला, उलटासुलटा करून बघितला.

“बांधलाय मातूर झकास,” ते म्हणाले, आणि भाकरीवरची चिलटं त्याच कुंच्यानं हाकलायला लागले.

सकाळी तात्यांनी तोंड पाडून गाडी जुंपली. विश्वंभर बैलांना पाणी दाखवत होता. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती, पण पहाटे पाटलांना दाणे घालून आला होता. पाटलांनी आज पुष्कळ खाल्ले, आणि उन्हात येऊन बसले.

एवढ्यात बाबा खोलीतून बाहेर आले. काखेत वळकटी, हातात काठी. सरळ गाडीकडं गेले, चाकावर पाय दिला आणि आत बसले.

“बाबा?” तात्यांना काही कळेना. “कुठं?”

“सावरगावला. गादी मोकळी हाय म्हंता ना?”

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. शिष्य न्यायला आलेल्या माणसाच्या गाडीत गुरू येऊन बसला होता. दोन्ही तटांतला कुणी चकार शब्द काढणार नव्हता. त्यांनी घाईघाईनं टोपी सारखी केली आणि बाबांचा विचार बदलायच्या आत कासरा हातात घेतला.

विश्वंभर हातातली बादली टाकून धावला.

“बाबा, आणि मोरदरा? मठ?”

“तू हायेस की.”

“मी?” तो चाकाला धरून उभा राहिला. “मोरदऱ्याची गादी? सावरगावच्या दसपट मानाची आहे ही! तिथं बसायचं म्हणालो तर कुंचा नाही मिळाला, आणि इथं...”

“कुंचा कुटं देतोय मी तुला?” बाबा म्हणाले. “नुस्तं ऱ्हायला सांगतोय. पाटलांना दाने भिजवून घाल. मंडप झाड. आल्यागेल्याला पानी दे. संध्याकाळी दिवा बेतानं लाव.”

“किती दिवस?”

“पाटलांना पिसं यिऊ देत. मग नाचू देत. मग पडू देत.”

“आणि लोक पोथी वाचायला सांगतील तर?”

“दिवसा वाच.”

गाडी हलली. चाकं खडीवर करकरली. विश्वंभर गाडीबरोबर चालायला लागला. कालपर्यंत ज्याच्याजवळ तीन मुद्दे जास्तीचे होते, त्याला आज एक सापडत नव्हता.

“बाबा, ऐका. हसू नका. मी खरं सांगतो...” त्याला धाप लागली होती. “मी तयार नाही. मला वाटत होतं, मी झालो तयार. नाही झालो. मी अजून कच्चा आहे, बाबा!”

बाबांनी तात्यांना खूण केली. गाडी थांबली. त्यांनी वाकून विश्वंभरच्या डोक्यावर हात ठेवला.

“व्हय रं,” ते म्हणाले. “म्हनून तर तुला झाडावर ठिवून चाललोय.”